कॅनडात मुक्कामाची मुदत उलटली, नवरा पीआर आहे : आता अर्ज कसा करायचा?

माझ्या पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिजिटर व्हिसावर २०३१ सालची तारीख होती. १२ मे २०२३ रोजी टोरंटोला उतरले, अधिकाऱ्याने दोन-तीन प्रश्न विचारले, पासपोर्टवर काही लिहिलं नाही, आणि मी नवऱ्याबरोबर ब्रॅम्प्टनच्या घरी आले. लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. नवरा लग्नाच्या आधीपासून पीआर, म्हणजे परमनंट रेसिडेंट (कायम राहण्याची परवानगी असलेला) होता. ‘व्हिसा २०३१ पर्यंत आहे, पीआरचा अर्ज सावकाश करू’ असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. पुढच्या मार्चमध्ये नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने सहज विचारलं, ‘वहिनींचं एक्स्टेन्शन झालं ना?’ त्या रात्री शोधाशोध केली तेव्हा कळलं, की माझी मुदत नोव्हेंबरमध्येच संपली होती आणि चार महिने मी स्टेटसशिवाय, म्हणजे राहण्याच्या वैध परवानगीशिवाय, राहत होते.

त्यानंतरचे आठ दिवस मी नीट झोपले नाही. कराडला आईला फोनवर काय सांगावं ते सुचेना. जून २०२४ मध्ये अर्ज केला आणि चौदा महिन्यांनी पीआर मिळाला, तोही कॅनडाबाहेर पाऊल न टाकता. तेव्हापासून ओळखीतल्या कितीतरी मुलींनी आणि दोन-तीन मुलांनीही हेच विचारलं. त्या सगळ्यांना सांगितलेलं इथे एकत्र लिहिते आहे. मी वकील नाही. हे सगळं फक्त कॅनडाबद्दल आहे आणि ज्यांचा जोडीदार कॅनडात राहणारा नागरिक किंवा पीआर आहे त्यांच्यासाठीच आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचे नियम पूर्ण वेगळे आहेत, तिकडे हे लावू नका.

आधी हे करू नका

विमानाचं तिकीट काढू नका. घाबरलेल्या माणसाला पहिलं सुचतं ते ‘घरी जाऊ, तिथून अर्ज करू’. तिथूनही अर्ज करता येतो, हे खरं. पण बाहेर पडलात की परत येण्यासाठी मुदत उलटून राहिल्याच्या नोंदीसह पुन्हा दारात उभं राहावं लागतं, आणि जोडीदारापासून किती महिने लांब राहावं लागेल याचा भरवसा नाही. मला तर एकाने ‘नायगाऱ्याच्या पुलावरून अमेरिकेच्या बाजूला जा आणि वळून ये, नवे सहा महिने मिळतील’ असंही सांगितलं होतं. अमेरिकेचा व्हिसा नसताना तिथून परत पाठवलं जातं, आणि वळून आलात की कॅनडाचा अधिकारी समोर पासपोर्ट उघडून बसलेला असतो. तो तिथेच नियम मोडल्याचा अहवाल लिहू शकतो. त्यातून एक्सक्लूजन ऑर्डर (देशाबाहेर काढण्याचा आदेश) निघाली, तर एक वर्ष खास परवानगीशिवाय परत येता येत नाही.

दुसरं, रोख पैशांवर काम धरू नका. आधीच केलं असेल तर त्याचं काय करायचं ते पुढे सांगते. पण आजपासून थांबा.

तुमची खरी तारीख कोणती?

व्हिसा म्हणजे दारातून आत येण्याची परवानगी. आत आल्यावर किती दिवस राहायचं ती मुदत वेगळी, तिलाच स्टेटस म्हणतात. व्हिजिटर म्हणून आलात आणि अधिकाऱ्याने वेगळी तारीख लिहून दिली नाही, तर आल्या दिवसापासून सहा महिने. शिक्का नसला तरी सहाच महिने. व्हिजिटर रेकॉर्ड (व्हिजिटरच्या मुक्कामाची तारीख लिहून दिलेला कागद) किंवा वर्क परमिट असेल तर त्या कागदावरची तारीख. स्टडी परमिटचं मात्र नीट बघा : कागदावर पुढची तारीख असली, तरी शिक्षण पूर्ण झाल्यावर ९० दिवसांनी ते संपतं. आमच्या ओळखीतली एक मुलगी नेमकी इथेच चुकली.

तारीख सापडली की आजचा दिवस कुठे पडतो ते बघा.

मुदत अजून संपली नसेल, तर आज रात्रीच ऑनलाइन मुदतवाढीचा अर्ज भरा. मुदतीच्या आत अर्ज गेला की निर्णय येईपर्यंत तुमचं स्टेटस टिकून राहतं. पीआरचा अर्ज नुसता पाठवल्याने स्टेटस मिळत नाही. दोन्ही वेगळे अर्ज आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मुदत संपून ९० दिवस झाले नसतील, तर स्टेटस पुन्हा मिळवण्याचा अर्ज करता येतो. त्याला रेस्टोरेशन म्हणतात. हे ९० दिवस सोन्यासारखे आहेत, कारण या मुदतीत रेस्टोरेशनचा अर्ज केलेल्या जोडीदाराला पीआरच्या अर्जाची पोच आल्यावर ओपन वर्क परमिट (कोणत्याही मालकाकडे काम करण्याचा परवाना) मागण्याची वाट उघडी राहते. पीआरची फाइल पूर्ण होईतो थांबू नका. रेस्टोरेशन आधी पाठवा.

९० दिवसही उलटले असतील, तर तुम्ही माझ्या जागी आहात. माझी मुदत १२ नोव्हेंबरला संपली, रेस्टोरेशनची १० फेब्रुवारीला, आणि मला कळलं मार्चमध्ये. उरलेला लेख मुख्यतः या तिसऱ्या गटासाठी आहे.

२००५ सालचं धोरण

कायद्याप्रमाणे कॅनडाच्या आतून जोडीदार म्हणून अर्ज करायचा तर तीन गोष्टी लागतात : स्पॉन्सर करणाऱ्याशी खरं नातं, कॅनडात दोघांचं एकत्र राहणं, आणि चालू स्टेटस. तिसरी अट आपण मोडलेली असते. पण फेब्रुवारी २००५ पासून इमिग्रेशन खात्याचं एक सार्वजनिक धोरण आहे. बाकी सगळं बरोबर असेल आणि जोडीदाराने स्पॉन्सर केलं असेल, तर स्टेटस नसणं हे एकट्याने अर्ज फेटाळण्याचं कारण होत नाही. नवरा-बायकोला विनाकारण तोडू नये, हा त्यामागचा उद्देश.

‘स्टेटस नसणं’ यात काय बसतं हेही त्यात सांगितलं आहे : मुदतीपेक्षा जास्त राहणं, परवानगीशिवाय काम किंवा शिक्षण करणं, आवश्यक व्हिसा किंवा पासपोर्टशिवाय देशात येणं. म्हणजे ज्यांनी आधी रोखीत काम केलं आहे त्यांनाही हे धोरण झाकतं. पण त्यांनी ते काम अर्जात लिहिलं पाहिजे.

काय झाकलं जात नाही? गुन्ह्याची नोंद, खोटे कागद, आधीच्या अर्जातली खोटी माहिती, हद्दपार झाल्यावर परवानगीशिवाय परत येणं. दारू पिऊन गाडी चालवण्याची केस अनेकांना किरकोळ वाटते. डिसेंबर २०१८ पासून इमिग्रेशनच्या दृष्टीने तो गंभीर गुन्हा आहे. यातलं काहीही असेल, तर फॉर्म उघडायच्या आधी वकिलाकडे जा.

नवरा किंवा बायको स्पॉन्सर होऊ शकते का?

हे पटकन तपासून होतं. वय १८ पूर्ण, नागरिक किंवा पीआर, आणि पीआर असेल तर प्रत्यक्ष कॅनडात राहणारा. जोडीदारासाठी साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही. नोकरी गेली आहे, एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स (नोकरी गेल्यावर मिळणारा भत्ता) चालू आहे, तरी चालतं. सरकारी सोशल असिस्टन्स (गरजूंसाठीचा भत्ता) घेत असेल तर चालत नाही, फक्त अपंगत्वासाठीचा भत्ता सोडून. दिवाळखोरीतून बाहेर न पडलेला माणूस स्पॉन्सर होऊ शकत नाही. जो स्वतः जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन पीआर झाला, त्याला पुढची पाच वर्षं दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. आणि आधीच्या बायकोसाठी किंवा नवऱ्यासाठी दिलेली खर्चाची तीन वर्षांची हमी अजून संपली नसेल, तर ती संपेपर्यंत थांबावं लागतं. क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांना प्रांताकडूनही वेगळी मंजुरी लागते.

आता इथे थोडं थांबते, कारण आपल्याकडे एक चूक फार होते आणि तिचे परिणाम स्टेटस संपण्यापेक्षा वाईट असतात. तुमच्या नवऱ्याला पीआर मिळाला त्या दिवशी तुमचं लग्न झालेलं होतं का? आणि झालेलं असेल, तर त्याने ते कळवलं होतं का?

मुलगा एक्स्प्रेस एंट्रीत (कुशल कामगारांसाठीच्या पीआरच्या योजनेत) एकटा म्हणून अर्ज करतो. मध्येच घरचे लग्न ठरवतात. सुट्टी कमी म्हणून विधी उरकतात, नोंदणी ‘नंतर बघू’. किंवा उलटं : नोंदणी आधी करून ठेवतात आणि ‘खरं लग्न’ डिसेंबरात. मुलगा पीआर घेताना ‘अविवाहित’ लिहितो, कारण त्याच्या मनात लग्न अजून व्हायचं असतं. कायदा मनातलं बघत नाही. विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न केलं, तर त्या दिवशीच लग्न झालं. आणि विधिपूर्वक सप्तपदी झाली असेल, तर नोंदणी नसली तरी हिंदू विवाह कायद्याने लग्न झालेलंच आहे. साखरपुडा मात्र लग्न नव्हे. ज्या जोडीदाराचं नाव पीआर घेताना सांगितलं नाही आणि ज्याची त्या वेळी तपासणी झाली नाही, तो पुढे स्पॉन्सरशिपमधून वगळला जातो. तुमच्या बाबतीत असं असेल, तर तारखा जुळवाजुळव करण्याचा विचारसुद्धा करू नका. खोटी माहिती उघड झाली तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं, आणि ज्याने स्वतःच्या पीआरच्या वेळी ती दिली त्याचा पीआरही धोक्यात येतो. थेट इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, सगळं खरं सांगा.

हाच नियम मुलांनाही आहे. आधीच्या लग्नाचं मूल असेल, ते आजी-आजोबांकडे सांगलीत राहत असेल आणि इकडे येणार नसेल, तरीही त्याचं नाव अर्जात लिहा आणि सांगतील तेव्हा त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्या. नाहीतर त्याला पुढे स्पॉन्सर करून आणणं साधारणपणे शक्य होत नाही.

लग्नाचा कागद आणि नावांचा घोळ

लग्नपत्रिका आणि फोटो हे आधाराचे पुरावे. मुख्य पुरावा नोंदणीचं प्रमाणपत्र. शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून, गावात ग्रामपंचायतीतून मिळतं. ते मराठीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत, असं तिन्ही एकत्र जोडायचं. घरातल्या कोणी केलेलं भाषांतर चालत नाही, मग ती व्यक्ती इंग्रजीची प्राध्यापक का असेना.

कॅनडातच लग्न करणार असाल, तरी स्टेटस नसणं आड येत नाही. ओंटारियोत नगरपालिकेकडून मॅरेज लायसन्स मिळतं, ते तीन महिने चालतं, आणि त्यासाठी ओळखपत्रं लागतात. गुरुजींकडून विधी करून घेणार असाल, तर ते प्रांताकडे विवाह लावण्यासाठी नोंदलेले आहेत का ते आधी विचारा. लग्नाच्या दिवशी हातात मिळणारा कागद पुरेसा नसतो. नंतर प्रांताकडून मागवलेलं सर्टिफिकेटच अर्जाला जोडायचं. लग्न केलेलं नसेल पण सलग बारा महिने एकत्र राहिला असाल, तर कॉमन-लॉ जोडीदार म्हणूनही हीच वाट आहे. फक्त एकत्र राहिल्याचे पुरावे तितके भरभक्कम लागतात.

आता नाव. आपल्याकडे बाईचं नाव लग्नात बदलतं, तेही अर्धवट. पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं, आधारवर नवऱ्याचं नाव, बँकेच्या पासबुकावर आणखी तिसरंच. काही घरांत अजूनही सासरी पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात. कॅनडातल्या अधिकाऱ्याला ही चार वेगळी माणसं वाटू शकतात. सगळ्या फॉर्मवर पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा आणि ‘इतर नावं’ या रकान्यात बाकीची सगळी, स्पेलिंगच्या फरकांसह लिहा. महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं असतं आणि लग्नानंतर नवऱ्याचं लावतात, हे दोन ओळींत लिहून जोडा. नाव बदलण्यासाठी आत्ता घाईने नवा पासपोर्ट काढू नका. पण पासपोर्टची मुदत बघा : पीआर देताना तो चालू लागतो, आणि वर्षभराच्या आत संपत असेल तर नूतनीकरणाला आत्ताच लागा.

फाइल बांधायची कशी

अर्ज ऑनलाइन पीआर पोर्टलवरून जातो. खातं ज्याला पीआर हवा आहे त्याच्या नावाने उघडायचं. तीन फॉर्म पोर्टलमध्येच भरायचे : आयएमएम ०००८ मुख्य अर्ज, ५६६९ तुमचा मागचा इतिहास, ५४०६ कुटुंबाची माहिती. तीन पीडीएफ भरून चढवायच्या : १३४४ स्पॉन्सरशिपचा करार, ५५३२ नात्याची माहिती, ५५३३ कागदांची यादी. १३४४ मध्ये ‘कॅनडातील जोडीदार’ हाच वर्ग निवडा. धोरण याच वर्गाला लागू आहे. कौटुंबिक वर्गाचा दुसरा पर्याय चुकून निवडला गेला, तर पुढे सगळंच अडतं.

५६६९ वर सगळ्यात जास्त वेळ द्या. दहा वर्षांचा किंवा वयाच्या अठराव्या वर्षापासूनचा हिशेब, महिन्यागणिक, एकही फट न ठेवता. बारावीनंतर घरी बसले ते चार महिने, लग्नाआधी नोकरी सोडल्यानंतरचे महिने, इथे घर सांभाळण्याचे महिने : सगळ्यांना ओळ हवी. मी तर आधी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे पेन्सिलीने सगळं लिहून काढलं, मग फॉर्म भरला. रिकामी जागा राहिली तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो, आणि परत आलेला अर्ज म्हणजे केलेलाच नाही असं धरतात. आपल्यासारख्यांना ते परवडत नाही, कारण तोपर्यंत आपण स्टेटसशिवाय आणि अर्जाशिवायही असतो.

गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, तिथलं पोलीस प्रमाणपत्र लागतं. भारताचं इथून भारतीय दूतावासाच्या सेवा केंद्रामार्फत मिळतं. दुबई-मस्कतला नोकरी करून आलेल्यांनी तिथलं आधी मागवायला घ्या, त्याला बरेच दिवस लागू शकतात. वैद्यकीय तपासणी सांगतील तेव्हा, त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच. डायबेटिस आहे, थायरॉइड आहे, खर्चिक औषधं आहेत म्हणून नाकारतील का, असं मला पुष्कळ जणी विचारतात. जोडीदाराच्या अर्जाला उपचारांच्या जास्त खर्चाचं कारण लावता येत नाही.

मुदत संपल्याचं पत्र

याला ठरलेला फॉर्म नाही आणि म्हणूनच लोक ते टाळतात. तुम्ही लिहा. एक पान पुरे. माझ्या पत्रातला मजकूर मराठीत असा होता :

‘मी १२ मे २०२३ रोजी व्हिजिटर म्हणून टोरंटो विमानतळावरून कॅनडात आले. पासपोर्टवर मुक्कामाची तारीख लिहिलेली नव्हती. व्हिसावरची २०३१ ची तारीख हीच मुक्कामाची मुदत आहे असा माझा समज झाला. तो चुकीचा होता. माझं स्टेटस १२ नोव्हेंबर २०२३ रोजी संपलं आणि मी मुदतवाढ मागितली नाही. हे मला मार्च २०२४ मध्ये कळलं. या काळात मी नोकरी किंवा शिक्षण केलेलं नाही. आल्या दिवसापासून मी पतीसोबत एकाच पत्त्यावर राहते आहे. कॅनडातील जोडीदारांसाठीच्या सार्वजनिक धोरणाखाली माझा अर्ज विचारात घ्यावा, ही विनंती.’

नोकरी केली असेल तर कुठे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, ते लिहा आणि तीच माहिती ५६६९ मध्येही जशीच्या तशी द्या. रडगाणं नको, एजंटाला दोष देत तीन पानं नकोत. तारखा हव्यात. शेवटचं वाक्य विसरू नका : धोरणाचा उल्लेख स्पष्ट असला की फाइल वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

नातं खरं आहे हे कसं दाखवायचं

५५३२ मध्ये कसे भेटलात, कुठे, कोणी ओळख करून दिली, लग्नाला कोण होतं, घरच्यांना माहीत आहे का, असे प्रश्न येतात. ठरवून केलेलं लग्न असेल तर ते सरळ सांगा. आत्याने स्थळ सुचवलं, पत्रिका जुळली, अमुक रविवारी बघण्याचा कार्यक्रम झाला, कांदेपोहे खाऊन दोघं गच्चीवर वीस मिनिटं बोललो, पाच आठवड्यांनी साखरपुडा. यात लाजण्यासारखं काही नाही. प्रेमाची गोष्ट रचायला गेलात, तर दोघांच्या सांगण्यात फरक पडतो आणि मुलाखतीला बोलावलं तर तिथेच अडकता. आमच्याकडे अशी लग्नं कशी ठरतात, हे अधिकाऱ्याला चार ओळींत समजावून द्या.

फोटो वीस पुरे. प्री-वेडिंगच्या शूटमधले सूर्यास्त नकोत. अंतरपाटाचा, सप्तपदीचा, दोन्हीकडच्या आई-वडिलांसोबतचा, नंतर इथे घरी साधेपणाने केलेल्या पाडव्याचा. प्रत्येकाखाली तारीख, गाव आणि कोण कोण आहे ते लिहा.

एकत्र राहण्याचे पुरावे मिळवणं आम्हाला जड गेलं. बेसमेंटमध्ये राहत होतो, भाडं रोख, करार तोंडी, सगळी बिलं घरमालकाच्या नावावर. घरमालकाने माझ्या नावासकट पत्र द्यायला आधी काचकूच केली. शेवटी दोघांच्या नावाचा लेखी करार केला आणि भाडं ई-ट्रान्सफरने द्यायला लागलो. फोनचा फॅमिली प्लॅन, नवऱ्याच्या कंपनीतल्या विम्यात माझं नाव, त्याच्या टॅक्स रिटर्नमध्ये ‘विवाहित’ आणि माझं नाव, माझ्या नावाने या पत्त्यावर आलेली पत्रं : एकेक कागद छोटा, पण सगळे एकच पत्ता सांगतात. तुम्हीही आजपासून हे सुरू करा, अर्ज दोन महिन्यांनी जाणार असला तरी.

पैसे आणि माणसं

३० एप्रिल २०२४ पासून स्पॉन्सरशिपचे ८५, अर्जाचे ५४५ आणि पीआरच्या हक्काचे ५७५ डॉलर, मिळून १,२०५, शिवाय बायोमेट्रिकचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ असा दर होता आणि मी तो भरला. हे दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये वाढतात, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघा. कमी पैसे भरले तर अर्ज परत येतो.

मदत घ्यायचीच असेल, तर वकील किंवा परवानाधारक सल्लागार. सल्लागाराचं नाव इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’च्या, म्हणजे त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, सार्वजनिक यादीत स्वतः शोधा. ‘माझी सही नको, तुम्हीच केलंय असं दाखवू’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. साध्या केसमध्ये दोघांनी मिळून अर्ज भरता येतो, आम्ही भरला. पण देशातून काढून टाकण्याचा आदेश आधीच निघालेला असेल, गुन्ह्याची केस असेल किंवा आधी व्हिसा नाकारताना खोट्या माहितीचा उल्लेख असेल, तर पैसे वकिलावर खर्च करा.

अर्ज गेल्यानंतर

पोच येते, मग बायोमेट्रिक, मग मेडिकल, मग स्पॉन्सर पात्र ठरल्याचं पत्र, मग तुमच्या पहिल्या टप्प्याची मंजुरी. माझं मेडिकलचं पत्र स्पॅममध्ये पडलं होतं आणि नवव्या दिवशी सापडलं. स्पॅम रोज बघा. पत्ता बदलला तर लगेच कळवा.

या काळात कॅनडाबाहेर जायचं नाही. आजोबा गेले तेव्हा मी गेले नाही. दिवसकार्य व्हिडिओ कॉलवर पाहिलं. हे सोपं नाही, पण बाहेर गेले असते आणि परत येऊ दिलं नसतं, तर एकत्र राहण्याची अटच मोडली असती आणि अर्जही संपला असता.

काम करता येत नाही. स्टेटस असलेल्या जोडीदाराला पोच आल्यावर वर्क परमिट मागता येतं. आपल्याला पहिल्या टप्प्याच्या मंजुरीनंतर. तितके महिने एका पगारावर काढायची तयारी आधीच ठेवा. दवाखान्याच्या खर्चाचे नियम प्रांतागणिक वेगळे आहेत, म्हणून पोच हातात आली की प्रांताच्या आरोग्य विमा कार्यालयात ती दाखवून विचारा.

सीमा सेवा खात्याचं, म्हणजे सीबीएसएचं बोलावणं आलं, तर टाळू नका. पोच घेऊन जा, त्याच दिवशी वकिलाला फोन करा. हद्दपारीच्या आधीची मुलाखत होण्यापूर्वी ज्यांनी अर्ज केला आहे, त्यांच्या रवानगीला साधारण ६० दिवसांची स्थगिती देण्याची सोय या धोरणात आहे. गुन्ह्याची केस किंवा अटक वॉरंट असेल तर नाही. मुलाखतीचं बोलावणं आल्यावर घाईने केलेल्या अर्जाला ती मिळत नाही. म्हणून ‘अजून चार महिने बघू’ म्हणणं महागात पडतं.

अर्ज नाकारला, तर या वर्गाला अपील मंडळाकडे जाता येत नाही. फेडरल कोर्टात दाद मागावी लागते आणि त्यासाठी निर्णय कळल्यापासून फक्त १५ दिवस असतात.

घरातच त्रास होत असेल तर

स्टेटस नसलेल्या बाईला ‘स्पॉन्सरशिप काढून घेईन, पोलिसांना सांगेन’ म्हणून गप्प बसवणारी घरं मी पाहिली आहेत. पीआर मिळेपर्यंत स्पॉन्सरला अर्ज मागे घेता येतो, हे खरं. पण २०१९ पासून, ज्यांचं स्टेटस अशा जोडीदारावर अवलंबून आहे त्यांच्यासाठी कौटुंबिक हिंसाचाराच्या कारणाने तात्पुरत्या वास्तव्याचं विशेष परमिट आहे. ते किमान सहा महिन्यांचं असतं, त्याला फी नाही, त्यासोबत वर्क परमिटही फीशिवाय मागता येतं. गुन्हा नोंदवलेला असण्याची सक्ती नाही. आणि पीआर मिळाल्यावर ‘दोन वर्षं एकत्र राहिली नाहीस तर काढून घेतील’ असं कोणी म्हणालं, तर ती अट एप्रिल २०१७ मध्येच रद्द झाली आहे. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. सगळ्या कागदांची प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

मंजुरीनंतर

शेवटी पोर्टलवरून दोन ईमेल येतात, तुम्ही कॅनडात आहात याची खातरजमा करतात, फोटो मागतात, आणि पीआर झाल्याचा कागद तिथेच मिळतो. त्या दिवसापासून काम करता येतं. सोशल इन्शुरन्स नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) काढा, आरोग्य कार्डाचा अर्ज करा. पीआर टिकवायला दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असावं लागतं.

पीआर कार्ड टपालाने नंतर येतं. विमानाने परत येताना तेच दाखवावं लागतं. ते नसेल तर भारतातून प्रवासाचा वेगळा कागद मागवत बसावं लागतं. माझ्या आईने कागद आल्याच्या संध्याकाळीच ‘गणपतीला येतेस ना’ विचारलं होतं. कार्ड येईपर्यंत गणपती उठले होते. तिकीट दिवाळीचं काढलं.